विश्लेषण : पडद्यावरचे पात्र थेट प्रेक्षकाशी का बोलू लागले? ब्रेख्तचे नाटक सिनेमात कसे शिरले?

प्रेक्षकाला गोष्टीत रमू न देणे हा एरवी सिनेमाचा दोष मानला जातो. काही दिग्दर्शकांनी मात्र तो जाणूनबुजून पत्करला. बर्लिनच्या रंगभूमीवर घडलेले हे तंत्र पॅरिस, टोकियो, कोलकाता आणि पुण्यापर्यंत कसे पोहोचले?

कोलकात्यातील गर्दीने भरलेली ट्राम. एक तरुण दांडीला धरून उभा आहे. जवळच एक तरुणी सिनेमाचे मासिक चाळते आहे आणि त्या मासिकात याच तरुणाचे छायाचित्र आहे. ती एकदा छायाचित्राकडे पाहते, एकदा त्याच्याकडे. तो अवघडतो आणि मग थेट कॅमेऱ्याकडे पाहून प्रेक्षकांशी बोलू लागतो. आपण काही नट नाही, आपले नाव रणजित मल्लिक, मृणाल सेन नावाचे दिग्दर्शक दिवसभर आपला पाठलाग करून चित्रण करत आहेत, असे तो सांगतो. तेवढ्यात पडद्यावर छायालेखक के. के. महाजन कॅमेऱ्यासह दिसतात. घरातली आई आपली खरी आई नव्हे, त्या अभिनेत्री करुणा बॅनर्जी, हेही तो सांगून टाकतो आणि पुरावा म्हणून ‘पथेर पांचाली’तले त्यांचे दृश्य दिसते. मग गोष्ट पुन्हा पुढे सरकते.

हा प्रसंग मृणाल सेन यांच्या १९७१च्या ‘इंटरव्ह्यू’ या बंगाली चित्रपटातला. आज फोनवर दर दुसरा माणूस कॅमेऱ्यात पाहून बोलतो, त्यामुळे यात विशेष काय, असे वाटू शकते. पण तेव्हा चित्रपटात कॅमेऱ्याकडे पाहणे ही नवशिक्या नटाची चूक मानली जाई. ती चूक मुद्दाम करण्यामागे एक विचार होता आणि त्याचा उगम सिनेमात नव्हे, राजकीय नाटकात होता.

‘दुरावा’ म्हणजे नेमके काय?

हा विचार मांडला जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त (१८९८-१९५६) याने. अंधारात बसलेला प्रेक्षक नायकाच्या दुःखात बुडतो, डोळे पुसतो आणि हलका होऊन घरी जातो, अशा नाटकाचा त्याला तिटकारा होता. खरा आक्षेप या ‘हलके होण्या’वर होता. रंगमंचावरची उपासमार पाहून रडलेला माणूस, शेवटी हे सगळे नशिबाचेच खेळ, असे मानून बाहेर पडत असेल तर त्या रडण्यातून काय साधले? उपासमार कोणाच्या तरी निर्णयांमुळे होते आणि ते निर्णय बदलता येतात, हे त्याला दिसले पाहिजे. ते दिसण्यासाठी प्रेक्षक आणि गोष्ट यांच्यात थोडे अंतर हवे.

आपले म्हणणे पटवण्यासाठी ब्रेख्तने रस्त्यावरच्या अपघाताचे उदाहरण दिले. अपघात झाला की भोवती गर्दी जमते आणि एखादा प्रत्यक्षदर्शी घडलेला प्रकार करून दाखवतो. गाडी अशी आली, म्हातारा असा चालत होता, चालकाने इकडे पाहिले. हा साक्षीदार चालकाची नक्कल करतो, पण स्वतः चालक होऊन बसत नाही. ऐकणारेही त्याच्या अभिनयावर भाळत नाहीत. त्यांची चर्चा असते ती चूक कोणाची आणि अपघात टळला असता का, याची. ब्रेख्तला नाटक असे हवे होते. नटाने पात्र ‘दाखवावे’, त्याच्यात विरघळून जाऊ नये.

त्याचे दुसरे उदाहरण मनगटावरच्या घड्याळाचे आहे. आपण ते दिवसातून कितीतरी वेळा पाहतो. पण कोणी विचारले, ‘तुम्ही तुमचे घड्याळ कधी नीट पाहिले आहे का?’, तर तीच वस्तू क्षणभर अनोळखी होते आणि यंत्र म्हणून नव्याने दिसू लागते. रोजची गोष्ट अशी अनोळखी करून दाखवणे, हा या तंत्राचा गाभा.

मग त्यासाठी युक्त्या आल्या. प्रसंगात काय घडणार हे आधीच फलकावर लिहून टाकायचे, म्हणजे ‘पुढे काय’ऐवजी ‘का’ हा प्रश्न उरतो. दिवे लपवायचे नाहीत. ऐन भरात आलेला प्रसंग थांबवून गाणे सुरू करायचे. यातल्या कित्येक गोष्टी आशियाई रंगभूमीला नव्या नव्हत्या आणि ब्रेख्तलाही त्याची जाण होती. १९३५मध्ये मॉस्कोत त्याने चिनी नट मेई लानफांग यांचे सादरीकरण पाहिले आणि त्यावर लिहिलेल्या निबंधात या ‘परिणामा’ची सविस्तर मांडणी केली.

शब्दाचा घोळ मात्र आजही कायम आहे. मूळ जर्मन शब्द ‘फरफ्रेमडुंग’. इंग्रजीत त्याचे ‘एलिएनेशन’ झाले आणि मराठीत ‘दुरावा’, ‘अलिप्तता’ असे काहीबाही. पण कामगार स्वतःच्याच श्रमाला परका होतो, या अर्थाने मार्क्सने वापरलेला शब्द वेगळा आहे. मराठीत त्याला ‘परात्मता’ म्हणतात. मार्क्सची परात्मता हा रोग आहे, तर ब्रेख्तचा दुरावा हा त्यावरचा इलाज. दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द पडल्याने प्रेक्षकाला कंटाळा आणणे म्हणजेच ब्रेख्त, असा समज पसरला. अनेक कंटाळवाण्या चित्रपटांना या गैरसमजाने आयते संरक्षण दिले, हेही खरे.

सिनेमात हे पहिल्यांदा कधी घडले?

ब्रेख्तचा सिनेमाशी संबंध भांडणाने सुरू झाला. १९२८मध्ये बर्लिनमध्ये ‘थ्रीपेनी ऑपेरा’ प्रचंड गाजले आणि निर्मात्यांनी चित्रपटाचे हक्क घेतले. ब्रेख्तने पटकथा अधिक राजकीय केली, ती निर्मात्यांना मानवली नाही आणि प्रकरण कोर्टात गेले. ब्रेख्त खटला हरला. पण त्या अनुभवावर त्याने एक दीर्घ निबंध लिहिला आणि कलाकृती बाजारात उतरली की तिचे काय होते, याचा हिशेब मांडला.

त्यानंतर आला ‘कुहले वाम्पे’ (१९३२). दिग्दर्शक स्लाटान डुडोव, लेखन ब्रेख्त आणि अर्न्स्ट ओटवाल्ट यांचे, संगीत हान्स आइसलरचे. तेव्हा जर्मनीत सुमारे ६० लाख लोक बेकार होते. चित्रपटाच्या सुरुवातीला तरुणांचा घोळका सायकलींवरून कामाच्या शोधात या कारखान्याच्या फाटकावरून त्या फाटकावर धावतो आणि रिकाम्या हाताने परततो. त्यातला एक तरुण घरी येतो. आई-वडिलांची बोलणी खातो. सगळे बाहेर गेल्यावर तो खिडकीत उभा राहतो, मनगटावरचे घड्याळ काढून जपून बाजूला ठेवतो आणि उडी मारतो. आक्रोश नाही, भावुक संगीत नाही, चेहऱ्याचा लांबलेला क्लोज-अप नाही. या भागाचे शीर्षकच आहे, ‘एक बेकार कमी झाला’.

याच चित्रपटात पुढे वडील वर्तमानपत्रातून माताहारीच्या चटकदार कथा मोठ्याने वाचत आहेत आणि आई समोर घरखर्चाची आकडेमोड करते आहे. दृश्यात मधूनमधून दुकानातल्या वस्तूंच्या किमती झळकतात. भाष्य करणारे कोणी नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, बेरीज प्रेक्षकाने करायची.

चित्रपटावर बंदी आली आणि काटछाट झाल्यावरच तो जर्मनीत दाखवता आला. सेन्सॉर अधिकाऱ्याशी झालेल्या बोलण्याची हकिकत ब्रेख्तने नंतर लिहून ठेवली, ती वाचण्यासारखी आहे. अधिकाऱ्याचा आक्षेप आत्महत्येवर नव्हता. हा तरुण एक विशिष्ट, दुर्दैवी माणूस वाटत नाही, तो सगळ्या बेकारांचा नमुना वाटतो, ही त्याची तक्रार होती. त्याची वैयक्तिक शोकांतिका दाखवली असती तर काही हरकत नव्हती. ब्रेख्तची यावरची टिप्पणी अशी, की आमच्या हितचिंतक समीक्षकांपेक्षा या अधिकाऱ्याला चित्रपट जास्त कळला. दुराव्याचे तंत्र सत्तेला का टोचते, याचे इतके नेमके वर्णन कुठल्याही ग्रंथात सापडणार नाही. १९३३मध्ये नाझी सत्तेवर आले आणि चित्रपटावर पुन्हा बंदी आली. राइशस्टागला आग लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी ब्रेख्तने देश सोडला होता.

पॅरिसला ब्रेख्त कसा सापडला?

अमेरिकेतल्या निर्वासित वर्षांत ब्रेख्तने हॉलीवूडमध्ये हात-पाय मारले. फ्रिट्झ लांगच्या ‘हँगमेन ऑल्सो डाय’ (१९४३) या चित्रपटाच्या कथेत त्याचा वाटा होता. १९४७मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्याची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी तो युरोपला निघून गेला. पूर्व बर्लिनमध्ये त्याने ‘बर्लिनर आन्सांब्ल’ ही नाट्यसंस्था उभारली. १९५४मध्ये ही मंडळी ‘मदर करेज’ घेऊन पॅरिसला गेली आणि रोलां बार्थसारखे टीकाकार भारावून गेले. डिसेंबर १९६०मध्ये ‘काहिए द्यु सिनेमा’ या फ्रेंच मासिकाने ब्रेख्त विशेषांकच काढला. फ्रेंच न्यू वेव्हचे दिग्दर्शक याच मासिकात लिहिणारे.

त्यातला ज्याँ-लुक गोदार सर्वात धीट. त्याच्या ‘व्हिव्र सा व्ही’ (१९६२) या चित्रपटात नाना नावाची तरुणी हळूहळू वेश्याव्यवसायाकडे ओढली जाते. एरवी हा हमखास रडवणारा विषय. गोदारने त्याचे १२ तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याआधी काय घडणार ते पाटीवर लिहून टाकले. पहिल्याच प्रसंगात नाना आणि तिचा नवरा वेगळे होण्याविषयी बोलत आहेत, पण कॅमेरा त्यांच्या पाठीमागे आहे. प्रेक्षकाला दिसते फक्त मानेवरचे केस, आणि समोरच्या आरशात अस्पष्ट चेहरे. पुढे एका तुकड्यात धंद्याचे नियम, दर, वैद्यकीय तपासण्या यांची सरकारी छापाची कोरडी माहिती प्रश्नोत्तरांतून ऐकू येते आणि पडद्यावर खोल्या, हात, नोटा सरकत राहतात. प्रेक्षक ‘बिचारी’ म्हणून मोकळा होऊ शकत नाही. त्याला एक बाजार दिसतो.

पण त्याच चित्रपटात नाना थिएटरात बसून ड्रायरचा ‘जोन ऑफ आर्क’ पाहते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहते. गोदार तिच्यावर हसत नाही. ब्रेख्तचे तंत्र म्हणजे भावनेला बंदी, असे मानणाऱ्यांनी हे दृश्य जरूर पाहावे.

१० वर्षांनी गोदारने ज्याँ-पिएर गोराँसोबत ‘तू व्हा बिएन’ केला. चित्रपट सुरू होतो तो चेकबुकाने. पटकथेचा चेक, छायाचित्रणाचा चेक, ध्वनीचा चेक, नटांचा चेक. एकामागून एक सही होते आणि चेक फाडला जातो. पार्श्वभूमीला दोन आवाज बोलतात : चित्रपट काढायचा तर पैसा हवा, पैसा हवा तर स्टार हवेत, स्टार हवेत तर प्रेमकथा हवी. मग जेन फोंडा आणि इव्ह मोंताँ पडद्यावर येतात. पुढे संपात बंद पडलेला सॉसेजचा कारखाना दिसतो, तो बाहुलीघरासारखा समोरून कापलेला. वरच्या मजल्यावर कोंडून ठेवलेला मालक, जिन्यात कामगार, शेजारच्या खोलीत दुसरे कोणी, सगळे एकाच वेळी दिसतात. यंत्राचे झाकण काढून आतली चाके दाखवावीत, तसा हा प्रकार आहे. कोण कोणाच्या डोक्यावर बसले आहे, हे संवादात सांगावे लागत नाही. सेटच ते सांगतो.

प्रत्येकाचा ब्रेख्त वेगळा कसा?

युक्त्या उचलणारे पुष्कळ झाले. प्रश्न उचलणारे थोडे. त्या थोड्यांनी ब्रेख्तच्या युक्त्या जशाच्या तशा वापरल्याच नाहीत.

ज्याँ-मारी स्ट्राउब आणि दानिएल ह्युइये या दांपत्याने ब्रेख्तच्या ज्युलियस सीझरवरील अपूर्ण कादंबरीवरून ‘हिस्टरी लेसन्स’ (१९७२) केला. त्यात आजच्या पोशाखातला एक तरुण प्राचीन रोमच्या वेशातील सावकार, वकील, शेतकरी यांना भेटतो आणि ते सीझरविषयी एखाद्या उद्योगपतीविषयी बोलावे तसे बोलतात. मधेमधे हा तरुण आधुनिक रोमच्या गल्ल्यांतून गाडी चालवतो. कॅमेरा मागच्या आसनावरून हलत नाही. असे तीन वेळा, दर वेळी कित्येक मिनिटे. काहीच ‘घडत’ नाही आणि कंटाळा येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण थोड्या वेळाने नजर आपोआप रस्त्यावरच्या माणसांकडे, दुकानांकडे, दारात बसलेल्यांकडे जाते. सम्राटांच्या इतिहासात नसलेली माणसे ती हीच.

ब्राझीलच्या ग्लाउबर रोशाने ‘ब्लॅक गॉड, व्हाइट डेव्हिल’ (१९६४) मध्ये आपल्याकडच्या शाहिरासारखा एक गायक आणला. दुष्काळी भागातल्या लोकगीतांच्या चालीवर तो पुढची कथा सांगत जातो. बर्लिनचा फलक ब्राझीलमध्ये पोहोचला तेव्हा त्याचा पोवाडा झाला होता.

सर्वात जहाल उदाहरण जपानचे आहे. नागिसा ओशिमाचा ‘डेथ बाय हँगिंग’ (१९६८) माहितीपटासारखा सुरू होतो. फाशीघराची खोली, दार, पायऱ्या, दोर यांचे शांत, तपशीलवार वर्णन. ‘आर’ या कोरियन वंशाच्या तरुणाला फाशी दिली जाते आणि तो मरत नाही. त्याची स्मृती मात्र जाते. आता अधिकाऱ्यांची पंचाईत. ज्याला आपला गुन्हा आठवत नाही त्याला पुन्हा फाशी कशी द्यायची? म्हणून तुरुंगाधिकारी, डॉक्टर, धर्मगुरू मिळून त्याच्या गुन्ह्याचे नाटक करून दाखवतात. दारिद्र्यातल्या कोरियन कुटुंबाचे सोंग आणताना त्यांच्या मनातले सगळे पूर्वग्रह बाहेर पडतात. विनोद आणि भीती यांच्यातली रेघ पुसट होत जाते. शिक्षण अधिकारी तर भूमिकेत इतका शिरतो की गुन्हा करून दाखवता दाखवता स्वतःच एका मुलीचा गळा आवळतो. भूमिकेत पूर्ण विरघळलेला नट किती धोकादायक, हे ब्रेख्तनेही इतक्या थेटपणे सांगितले नव्हते. शेवटी निवेदक फाशीला हजर राहिल्याबद्दल अधिकाऱ्यांचे आभार मानतो आणि त्याच सुरात प्रेक्षकांचेही.

भारतात हे बीज कोणी आणले?

यात ऋत्विक घटक यांचे नाव आधी घ्यावे लागते. घटक मूळचे ‘इप्टा’तले, म्हणजे राजकीय नाटकातूनच आलेले. ब्रेख्तच्या ‘गॅलिलिओ’ आणि ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ या नाटकांचे त्यांनी बंगालीत अनुवाद केले. पण त्यांचे चित्रपट कोरडे नाहीत. उलट ते भावनेने ओतप्रोत आहेत. ‘मेघे ढाका तारा’त (१९६०) नायिकेच्या दुःखाच्या क्षणी अचानक चाबकाचा फटकारा ऐकू येतो. पडद्यावर चाबूक कुठेच नसतो. रडायला आलेला प्रेक्षक दचकतो आणि तिला फटके नेमके कोण मारते आहे, याचा विचार करू लागतो. मारणारे तिच्याच पगारावर जगणारे घरचे लोक आहेत. फाळणीने उद्ध्वस्त झालेल्या प्रेक्षकाला भावनेपासून तोडणे घटक यांना मान्य नव्हते. त्यांनी मेलोड्रामाच्या पोटातच दुरावा पेरला.

१९६५च्या सुमारास घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला आले. प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या त्या वर्गांत मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे विद्यार्थी होते. यातला कोणीही घटक यांची नक्कल करत बसला नाही, हे त्या शिकवणीचे यश म्हणायला हवे.

मृणाल सेन यांचा मार्ग निराळा होता. ‘इंटरव्ह्यू’चा नायक चांगल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी दिवसभर एक सूट शोधत फिरतो. लॉन्ड्रीवाल्यांचा संप आहे, उसना मिळवलेला सूट हातचा जातो, शेवटी तो धोतर-कुडत्यात मुलाखतीला पोहोचतो. नोकरी मिळत नाही. एरवी इथे चित्रपट संपला असता आणि प्रेक्षक हळहळत उठला असता. सेन मात्र अंधारातून एक आवाज आणतात. तो आवाज प्रेक्षकाचा आहे आणि तो नायकाला उलटसुलट प्रश्न विचारून डिवचतो. चिडलेला नायक दुकानाच्या काचेवर दगड उचलतो आणि आतल्या सूट घातलेल्या पुतळ्याची वस्त्रे ओरबाडून काढतो. इंग्रज जाऊन २० हून अधिक वर्षे झाली तरी नोकरीचा गणवेश त्यांचाच का, हा प्रश्न ट्राममधल्या त्या गप्पांपासूनच तयार होत आलेला असतो. म्हणून तो प्रसंग नुसती गंमत नाही.

तमाशात हे आधीच नव्हते का?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. तमाशात सोंगाड्या गोष्टीतून बाहेर येऊन आजच्या महागाईवर बोलतो. गवळणीत कृष्णाच्या वाटेवर मावशी उभी असते आणि ती पुरुषाने केलेली आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. राजा मंचावर एक फेरी मारतो की दुसरे गाव आले. इथे ‘चौथी भिंत’ कधी नव्हतीच, मग ती मोडणार कशी?

म्हणूनच ब्रेख्त मराठीत सहज रुजला. विजया मेहता यांनी फ्रिट्झ बेनेविट्झ या पूर्व जर्मन दिग्दर्शकाच्या सहकार्याने केलेले ‘अजब न्याय वर्तुळाचा’, पु. ल. देशपांडे यांनी ‘थ्रीपेनी ऑपेरा’वरून लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) ही त्याची ठळक उदाहरणे. पण सहज रुजण्यातच एक अडचण आहे. सोंगाड्याने प्रेक्षकाशी बोलण्याची सवय असलेल्या माणसाला त्यातून धक्का बसत नाही. तो खुशीत टाळी देतो.

ही अडचण विजय तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) सोडवली. मंचावर १२ ब्राह्मणांची रांग भिंतीसारखी उभी राहते, डोलते, गाते, कीर्तन करते. प्रेक्षक चालीवर ठेका धरतो. आणि त्या भिंतीमागे काय चालले आहे हे हळूहळू दिसू लागते, तेव्हा आपण इतका वेळ कशावर ठेका धरला होता, या प्रश्नाने तो अस्वस्थ होतो. इथे गोडव्यातूनच दुरावा येतो. नाटकावर वादळ उठले, १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवले आणि पुढे थिएटर अ‍ॅकॅडमीने ते पुन्हा उभे केले.

याच नाटकावरून १९७६मध्ये चित्रपट झाला. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली आणि के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप यांनी तो मिळून केला. पटकथा तेंडुलकरांची, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे, घाशीरामच्या भूमिकेत ओम पुरी. गाजलेल्या नाटकाचे चित्रण करून पैसे मिळवणे सोपे होते. या मंडळींनी ती भिंतच सोडून दिली, कॅमेरा उघड्यावर नेला आणि लांबच लांब शॉट घेतले. एक दिग्दर्शक नाही, एक नायक नाही, असा हा चित्रपट थिएटरांत फारसा पोहोचला नाही. त्याची प्रत जपली गेली ती बर्लिनच्या ‘आर्सेनल’ संस्थेत आणि तिथेच तिचे डिजिटायझेशन झाले. पुण्याची गोष्ट ब्रेख्तच्या शहरात शाबूत राहिली, याचा आनंद मानावा की आपल्याकडच्या जतनाची काळजी करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

रील्सच्या काळात या तंत्राची धार उरली आहे का?

कॅमेऱ्यात पाहून बोलणे आता विक्रीचे हत्यार झाले आहे. साबणाच्या जाहिरातीतली गृहिणी प्रेक्षकाशी बोलते, सुपरहिरो स्वतःच्याच चित्रपटाच्या बजेटवर विनोद करतो, रीलमधला मुलगा ‘हे सगळे स्क्रिप्टेड आहे’ असे सांगून अधिक लाइक मिळवतो. तंत्र तेच आहे, पण त्याने अंतर वाढत नाही, जवळीक वाढते. ब्रेख्तलाही हा अनुभव आला होता. भद्रलोकांना बोचावे म्हणून केलेल्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’ची गाणी तेच भद्रलोक गुणगुणत होते.

म्हणून आज शोधायचे असेल तर ते पात्र कॅमेऱ्यात पाहते का, यात शोधू नये. हातातल्या फोनवर युद्धाची चित्रे येतात, बोटाच्या एका फटक्यात ती वर जातात आणि खाली पाककृती येते. या नेमक्या अडचणीवर जर्मन दिग्दर्शक हारून फारोकीने १९६९मध्येच, फोन नसताना, काम केले होते. ‘इनएक्स्टिंग्विशेबल फायर’ हा त्याचा जेमतेम २५ मिनिटांचा चित्रपट व्हिएतनाममध्ये वापरल्या गेलेल्या नापाम बॉम्बविषयी आहे. फारोकी टेबलाशी बसून एका पीडिताची साक्ष वाचतो. मग तो प्रेक्षकाला विचारतो की नापामच्या जखमा दाखवायच्या तरी कशा? चित्रे दाखवली तर तुम्ही डोळे मिटाल, आधी चित्रांकडे, मग आठवणीकडे, मग वस्तुस्थितीकडे. म्हणून तो जळती सिगारेट उचलतो आणि स्वतःच्या हातावर विझवतो. निवेदक शांतपणे सांगतो, सिगारेट सुमारे ४०० अंशांना जळते, नापाम ३००० अंशांना.

जखम एवढीशीच आहे. उरलेला हिशेब बघणाऱ्याच्या डोक्यात होतो आणि तो स्क्रोल करून टाळता येत नाही.

त्यापुढचा चित्रपट ‘डाऊ केमिकल’ या कंपनीच्या प्रयोगशाळेत घडतो, म्हणजे एका साध्या खोलीत, सपाट आवाजात बोलणाऱ्या नटांसह. प्रत्येक तंत्रज्ञाकडे कामाचा छोटा तुकडा आहे आणि पूर्ण वस्तू कोणाच्याच टेबलावर नाही. शेवटच्या भागात एकच नट तीन माणसे होतो. पहिला कामगार. तो व्हॅक्यूम क्लीनरच्या कारखान्यात काम करतो आणि बायकोसाठी रोज एक सुटा भाग घरी नेतो, पण जोडायला बसला की दर वेळी मशीनगन तयार होते. दुसरा विद्यार्थी. त्याला खात्री आहे की कारखान्यात मशीनगन बनते. पुराव्यासाठी तोही भाग पळवतो, पण त्याच्याकडे दर वेळी व्हॅक्यूम क्लीनर तयार होतो. तिसरा त्याच कारखान्यातला इंजिनीअर. त्याच्या हातात दोन्ही वस्तू आहेत. कामगारांना वाटते आपण व्हॅक्यूम क्लीनर बनवतो, विद्यार्थ्यांना वाटते मशीनगन, असे तो सांगतो. मग तो एक वस्तू टेबलावर ठेवतो, दुसरी उचलतो, आणि इथून काय बाहेर पडेल हे आपल्या तिघांवर अवलंबून आहे, असे कॅमेऱ्यात पाहून म्हणतो.